मिलग्रोव्हची रेणुका

"तो दगड माझ्या घरात येणार नाही, आई. आधीच सांगून ठेवते."

"दगड म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? कुणाच्या तरी थडग्यातून काढलेली वस्तू आहे ती."

"तुझ्या बारशाला पहिला नमस्कार तिलाच केलाय. तुझ्या बाबांच्या प्रत्येक नाइट ड्यूटीला तिच्यापुढे दिवा लावून बसलेय मी. तेव्हा कुठे गेलं होतं तुझं थडगं?"

"तेव्हाही होतंच. आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच."

गाडी मिलग्रोव्हच्या म्युझियमसमोर उभी होती. म्युझियम कसलं, जुनं पोस्ट ऑफिस होतं ते. गावानं हौसेनं सांभाळलेलं. दारावर शनिवार-रविवारच्या वेळा लिहिलेली पाटी आणि पायरीवर भोपळ्यांची आरास. विनीताने इंजिन बंद केलं नव्हतं. एसीचा वारा वीणाबाईंच्या गुडघ्यांवर येत होता आणि गुडघ्यांवर त्यांची पर्स होती. पर्स त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, बसमध्ये चोराच्या भीतीने धरावी तशी.

सकाळपासूनच त्यांना वास यायला हवा होता. आपली मुलगी, ओहायोच्या रस्ते खात्यात पूल बांधणारी इंजिनियर, जिला दिवाळीलाही ओहायोतल्याच डब्लिनहून यायला ट्रॅफिक आडवा येतो, ती घर आवरायला म्हणून येते काय आणि रविवारी सकाळी म्हणते काय, आई, इतकी वर्षं इथे राहिलीस, पण ती टेकाडं कधी नीट पाहिली नाहीस, चल. वीणाबाईंना बरं वाटलं होतं. नवरा गेल्यावर एकटीने सांभाळलेलं घर विकून झालं होतं, सामान खोक्यांत गेलं होतं, आठवड्याभरात त्या मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. जाण्याआधी मुलगी आपल्याला आपलंच गाव दाखवतेय, असं त्यांच्या मनात आलं होतं.

नदीकाठच्या मोठ्या म्युझियममध्ये त्यांनी फिल्म पाहिली होती. मग बाहेर हिरवळीवर उभ्या असलेल्या मातीच्या गोल टेकाडांमधून त्या हळूहळू चालल्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी टोपल्या टोपल्या माती वाहून ती उभी केली, हे ऐकून त्यांनी मान डोलावली होती. टेकडी आहे म्हटल्यावर वर देऊळ असणार, हे त्यांच्या हिशेबी ठरलेलंच. "वर काय आहे गं?" त्यांनी विचारलं होतं. विनीता म्हणाली होती, "वर काही नाही आई. आत आहे." परतीच्या रस्त्यावर, वाळलेल्या मक्याच्या शेतांमधून गाडी चालवताना, तिने सगळं सांगितलं.

तिच्या ऑफिसात ट्रेनिंग झालं होतं. रस्त्यासाठी खणताना जुनं काही लागलं तर काम थांबवायचं, कुणाला फोन करायचा, असलं काहीतरी. पडद्यावर एकेक फोटो येत होता. बाणाची टोकं, मण्यांच्या माळा. आणि मग आईची देवी आली. निमुळता माथा, सपाट बूड, काळ्यावर तांबूस झाक. तिच्यामागे लाल वस्त्र नव्हतं, समोर निरांजन नव्हतं, बाजूला सेंटिमीटरची पट्टी होती. खाली लिहिलं होतं की हे दफनांमध्ये मृतांशेजारी ठेवलेलं सापडतं. विनीता म्हणाली, मीटिंगमध्ये सगळे बसलेले असताना माझा हात आपोआप नमस्कारासाठी वर गेला, आणि मग मला कळलं मी कशाला नमस्कार करतेय.

वीणाबाई माहूरच्या मुलखातल्या. माहेर पुसदचं, सासर नांदेडचं, दोन्हीकडची कुळदेवी रेणुका. लहानपणी डोंगरावरच्या पायऱ्या चढून गेलं की आत जी दिसते तिला हातपाय नाहीत, मूर्तीचं शिल्प नाही. नुसता शेंदराने माखलेला तांदळा आहे, म्हणजे न घडवलेला देवीचा पाषाण. लग्न होऊन त्या गुरुदत्त डॉक्टरांबरोबर इथे आल्या, तेव्हा या गावातल्या हॉस्पिटलात यायला इथले डॉक्टर तयार नव्हते म्हणून गुरुदत्तांना बोलावलं होतं. देवांचे टाक थोरल्या दिरांकडे राहिले. देव वाटून घेत नाहीत, सासूबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही तिकडे सुपारी मांडा. वीणाबाईंनी सुपारी मांडली. पण सुपारीत गणपती बसतो, तसा रेणुकेचा जीव काही तिच्यात बसेना. नवरात्र आलं की त्यांना परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटायचं.

मग एडिथने जेवायला बोलावलं. एडिथच्या नवऱ्याचं हृदय गुरुदत्तांनी ऐन बर्फात वाचवलं होतं, आणि डॉक्टरला काय द्यावं हे शेतकऱ्यांना कळत नसे, म्हणून ते मक्याची पोती, हरणाचं मांस, ॲपल पाय असं काय काय घेऊन यायचे. यांचं घर शाकाहारी हे समजायला गावाला वर्ष लागलं. एडिथच्या सिंकवरच्या खिडकीत काचेची बरणी होती. नांगरताना निघालेले दगड त्यात भरलेले. यातलं हवं ते घे, एडिथ म्हणाली. वीणाबाईंनी हात घातला आणि तिला बाहेर काढलं. तळहातावर लोखंडासारखी जड. त्या परक्या स्वयंपाकघरात, भांड्यांच्या ढिगासमोर, त्यांनी डोळे मिटून हात जोडले. एडिथला वाटलं, आपले आभार मानतेय.

घरी आल्यावर चंदन उगाळायच्या सहाणेवर त्यांनी देवीला ठेवलं, पाणी घातलं, आणि जरा सरकवलं तर सहाणेवर लालभडक रेघ उमटली. ओहायोत तेव्हा शेंदूर कुठून मिळणार? देवी स्वतःचा शेंदूर स्वतः घेऊन आली होती. त्या दिवशी त्यांनी नांदेडला पत्र टाकलं, आमच्या घरी आई आली.

तेव्हापासून दर नवरात्रात पहिल्या माळेला देवी सहाणेवर एकदा फिरायची आणि तो लाल ठिपका घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला लागायचा. वीणाबाईंनी पुढे शाळेच्या कॅफेटेरियात नोकरी धरली, चांगली वीस-बावीस वर्षं केली. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांना मिसेस व्ही म्हणून ओळखत आणि ठिपका असला की विचारत, "मिसेस व्ही, टुडे इज द रेड डे?"

"कुठे सापडला, हे एडिथला विचारलं होतंस तू?" विनीताने आता गाडीत विचारलं.

"विचारलं होतं."

"काय म्हणाली?"

वीणाबाईंनी काचेबाहेर पाहिलं. "म्हणाली, गोठ्यामागे मातीचं टेंगूळ होतं. सासऱ्याने सपाट केलं, मका लावायला."

विनीताने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग सरळ होऊन हळू आवाजात समजावू लागली. मी तुला रागावत नाहीये. तुझी चूक नाही. पण मी रोज ज्या लोकांबरोबर काम करते ना, ते एका हाडासाठी पूल थांबवतात. ज्यांचे पूर्वज आहेत ते मूळनिवासी लोक, इथून हुसकावले गेलेले, ओक्लाहोमाहून गाडी चालवत येतात. आणि मी घरी येऊन त्यांच्या आजीच्या उशापासून उचललेल्या वस्तूपुढे उदबत्ती लावू? आन्या मला विचारेल, ममा, व्हॉट इज धिस, तर तिला काय सांगू?

"सांग, आजीची देवी आहे."

"खोटं सांगू?"

"देवी खोटी?"

"आई, प्लीज. तू माझ्याकडे ये, तुझी खोली तयार आहे, देव्हारा मी स्वतः अरेंज केलाय, पूर्वेला तोंड करून. बाकी सगळे देव आण. ही नको. मी हात जोडते."

आठ दिवसांवर घट आले होते. वीणाबाईंचा आवाज एकाएकी खाली आला.

"एकाला इथे ठेवून चाललेय मी. आता हिलाही ठेवू?"

विनीताने एसी बंद केला.

तो एक म्हणजे विनीताच्या आधीचा. एका दिवसाचा. त्याचं नाव ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता. आपल्यात तान्ह्याला अग्नी देत नाहीत, पुरतात, पण कुठे पुरायचं? मेथॉडिस्ट चर्चच्या पाद्र्याने आपल्या स्मशानाचा कोपरा दिला. भटजी नव्हता. गुरुदत्तांना आठवतील तेवढे मंत्र ते म्हणाले, आणि अर्ध्यात त्यांना आठवेनासं झालं. पेटी मिटायच्या आधी वीणाबाईंनी घरून सहाणेवर उगाळून आणलेला देवीचा लाल, अनामिकेनं, त्या इवल्याशा कपाळाला लावला. दुसरं द्यायला जवळ होतं काय? पुढे विनीता झाली, मोठी झाली, दर वसंतात आईबरोबर त्या कोपऱ्यात झेंडूची रोपं लावू लागली. भाऊ आहे इथे, एवढं तिला माहीत होतं. लाल ठिपक्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आत येतेस?" विनीताने विचारलं. "पाच मिनिटं. मग तू म्हणशील ते."

"मी म्हणेन ते?"

विनीताने इंजिन बंद केलं.

आत टेबलामागे पॅट होती. सूपचा वाडगा बाजूला सारून ती उठली आणि "मिसेस व्ही!" म्हणत तिने वीणाबाईंना कवेत घेतलं. पॅटने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आता शनिवार-रविवार म्युझियमचं दार उघडायची. घर विकल्याचं तिला कळलं होतं. डब्लिनला जाणार, म्हणजे फार लांब, तिथे लोक शेजाऱ्याला हाय म्हणत नाहीत असं ऐकते, ती म्हणाली. विनीता म्हणाली, मी तिथेच राहते पॅट. "म्हणूनच म्हणते," पॅट म्हणाली.

पुढच्या खोलीत लोणी घुसळायची यंत्रं, कुणाचा युद्धातला गणवेश, पोस्टाचे जुने शिक्के. मागची खोली टेकाडांची. तिथल्या मोठ्या काचपेटीत काहीच नव्हतं. हिरवी मखमल होती, वर्षानुवर्षांच्या उजेडाने विटलेली, आणि वस्तू उचलल्या होत्या तिथे तिथे तिचे मूळ गडद आकार राहिले होते. लांबट, चौकोनी, टोकदार. कोपऱ्यात एक गोल. पेटीवर छोटी पाटी होती, की थडग्यांतून आलेल्या वस्तू वंशजांच्या इच्छेनुसार आता इथे ठेवलेल्या नाहीत.

वीणाबाई त्या गोलापाशी थांबल्या. काचेवर तळहात आडवा धरून त्यांनी माप घेतलं. मापून बघायची गरज नव्हती. रोज स्नान घालताना जे बूड तळहातावर बसायचं, ते त्यांना अंधारातही कळलं असतं.

भिंतीवर चित्र होतं. टेकाडाच्या पोटात, खाली, एक माणूस निजलेला. त्याच्या अंगावर आणि भोवती तांबडी माती. उशाशी ठेवलेल्या दोन-तीन वस्तू. चित्राखाली लिहिलं होतं की हे लोक आपल्या मृतांबरोबर लाल माती ठेवत. वीणाबाईंनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत वाचलं.

"लाल का ठेवायचे?" त्यांनी पॅटला विचारलं.

पॅट म्हणाली, मलाही तोच प्रश्न पडला होता. गेल्या वर्षी ओक्लाहोमाहून ती माणसं आली, या पेटीतल्या वस्तू न्यायला, त्यांच्यात एक म्हातारी होती, आपल्याच वयाची. मी तिला विचारलं. ती म्हणाली, ते आमच्याकडेच राहू दे. रागावून नाही म्हणाली. नुसतं म्हणाली. मग मी तिला सूप दिलं.

"त्या वस्तूंचं काय करतात ते?"

"परत पुरतात. जमेल तितकं जवळ. कुठे, ते सांगत नाहीत."

वीणाबाई चित्राकडे बघत राहिल्या. निजलेल्या माणसाचं कपाळ त्यांना दिसत होतं. कुणीतरी ओणवं होऊन तो लाल तिथे ठेवला असणार. कुणीतरी म्हणजे आईच असणार, किंवा बायको. असली कामं कुणाच्या वाट्याला येतात, ते काही बदललेलं नसणार. आणि दुसरं द्यायला जवळ काही नव्हतं, म्हणून घरातली सगळ्यात जड, सगळ्यात गुळगुळीत वस्तू उशाशी ठेवली असणार. मेथॉडिस्टांच्या त्या कोपऱ्यावर उद्या कुणी मका लावला तर? हा विचार त्यांनी पुरा केला नाही. त्यांनी पर्स उघडली आणि स्टीलचा डबा बाहेर काढला.

विनीता दचकली. "तू बरोबर आणलीस?"

"मग काय मूव्हर्सच्या भरवशावर सोडू? खोक्यात घालून, वर फ्रॅजाइलचं लेबल लावून?"

डब्यात तांदूळ होते आणि तांदळात, गळ्यापर्यंत रुतून, देवी. देव प्रवासाला निघाले की असेच निघतात. पॅटने वाकून पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली. हात लावायचं तिने नाव काढलं नाही. मग ती अडखळत म्हणाली, की हे घ्यायचा तिला अधिकार नाही, डायरेक्टर मंगळवारी येतो, पण फोन करून विचारू शकते. ती पुढच्या खोलीत गेली. तिचा आवाज ऐकू येत राहिला, नाही, मी ओळखते तिला, माझ्या मुलांना तिने जेवायला वाढलंय. परत आली तेव्हा तिच्या हातात लाकडी ट्रे आणि स्वच्छ पांढरं कापड होतं. मागच्या खोलीतल्या कपाटात कुलपात राहील, ती म्हणाली, ओक्लाहोमाला उद्या फोन जाईल. पुढचं ते ठरवतील. पण तुम्ही आजच द्यायला हवं असं नाही, मिसेस व्ही. घरी न्या, विचार करा.

वीणाबाईंनी देवीला तांदळातून काढून उलटं धरलं. पॅटच्या लक्षात आलं. "खालून कुणी घासलंय."

"मी," वीणाबाई म्हणाल्या. "दर वर्षी. कपाळाला लावायला." त्यांनी आपल्या भुवयांच्या मधे बोट ठेवून दाखवलं.

पॅटच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. "तो ठिपका," ती म्हणाली. मग विनीताकडे बघून हसली. "बसमध्ये चढली की ही तिसऱ्या सीटवर बसून ओल्या टिश्यूने खसाखसा पुसायची. मी आरशातून बघायची. तिच्यासाठी टिश्यूचा डबा ठेवला होता मी पुढे."

वीणाबाईंनी मुलीकडे पाहिलं. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, घामाने जातो.

"पोरं हसायची, आई," विनीता मराठीत म्हणाली. खालच्या आवाजात, सहा वर्षांची असल्यासारखी.

"सांगायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

वीणाबाईंनी मान हलवली, पण त्या मान हलवण्यात हो होतं की नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं. देवीला हातात धरूनच त्या मुलीजवळ आल्या. "तुझ्या भावाला लावला होता," त्या म्हणाल्या. "हिचाच लाल. पेटी मिटायच्या आधी. त्याला पुसता नाही आला."

विनीताचा हात तोंडावर गेला. तिने आईच्या दंडाला धरलं, सोडलं, परत धरलं. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आई, मग नको देऊस. मी काही बोलणार नाही. राहू दे तुझ्याजवळ. आन्याला मी समजावीन."

गाडीत हेच ऐकायला वीणाबाई तयार होत्या. आता त्यांनी मुलीच्या गालाला हात लावला आणि पायातले बूट काढले.

जुन्या पोस्टाच्या फरशीवर, मोज्यांतल्या पायांनी उभं राहून, त्यांनी ट्रेवरचं पांढरं कापड सारखं केलं. पॅटने कागदी कपात पाणी आणून दिलं. ते त्यांनी तळहातावर घेऊन देवीच्या माथ्यावरून सोडलं. थेंब कापडावर पडले, त्यांत लाल नव्हतं. सहाण नव्हती ना. मग देवीला त्यांनी ट्रेच्या मधोमध बसवलं, डब्यातले चार दाणे चिमटीत घेतले आणि माथ्यावर टाकले.

हा भाग विनीताला पाठ होता. लहानपणी दसऱ्याला घट हलवायचे ते याच रीतीनं. आई अक्षता टाकायची, हाताने देवीला किंचित पुढे सरकवायची, आणि मग दोघी मिळून म्हणायच्या, पुनरागमनाय च, परत यायला म्हणून जा. विनीताला येणारं तेवढंच संस्कृत. ते ती इतक्या मोठ्यांदा म्हणायची की गुरुदत्त हसत कान झाकायचे. शाळेत मैत्रिणींना तिने त्याचं भाषांतर करून सांगितलं होतं, सी यू नेक्स्ट इयर.

वीणाबाईंनी देवीला उजव्या हाताच्या बोटांनी थोडं पुढे सरकवलं. कापडाला चुणी पडली. विनीताने श्वास घेतला, आईबरोबर म्हणायला. तिचे ओठही उघडले होते.

आई काही म्हणाली नाही. तिने वाकून नमस्कार केला, उठताना टेबलाचा आधार घेतला, उरलेल्या तांदळाच्या डब्याला झाकण लावलं आणि बूट चढवले. पॅटने ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि कुठे बघावं ते न कळून खिडकीकडे बघत उभी राहिली.

"आई," विनीता म्हणाली, "ते म्हणायचं राहिलं ना? परत ये म्हणून?"

वीणाबाई दारापर्यंत पोहोचल्या होत्या. डबा छातीशी धरून त्या पायऱ्या उतरल्या, भोपळ्यांच्या बाजूने, एकेक पायरी जपत. गाडीपाशी त्या थांबल्या नाहीत. रस्ता ओलांडून त्या मेथॉडिस्ट चर्चच्या दिशेने चालू लागल्या.